न मोजलेला ओटा

जुबेदाआपांच्या दुकानात दोन पडदे शेजारी शेजारी लावले होते आणि दोन्हींवर एकच सुळका उभा होता.

"आता सांग, फरक दिसतो का नाही?" आपांनी विचारलं. संगमनेरच्या बसस्थानकामागे त्यांचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. वीस वर्षं त्या तिथे बसत होत्या आणि गिऱ्हाइकाने ग्राफिक्स कार्ड हातात धरलं की त्याचा खेळ कुठला, हे त्या नुसत्या बघण्यावरून ओळखायच्या, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं.

रेणुका गुंजाळ खुर्ची पुढे ओढून बसली. वय पंचवीस, पुण्याहून भूशास्त्रात एम.एस्सी. केलेली, सध्या गावातल्याच दगड-माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पण आज ती इथे आली होती ती गिर्यारोहण मंडळाची सभासद म्हणून. मंडळाच्या खोलीत एक संगणक होता, त्यातलं ग्राफिक्स कार्ड चार वर्षांचं जुनं झालं होतं, आणि 'उभी वाट' हा नवा खेळ त्याच्यावर धापा टाकत चालायचा. सह्याद्रीतले दोनशे कडे आणि सुळके जसेच्या तसे मोजून त्या खेळात उतरवले होते. हातात दोन खटके धरायचे, डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि खऱ्या कड्याची कपार न् कपार चाचपत वर जायचं. मंडळातल्या सगळ्यांना त्याचं वेड लागलं होतं. कार्ड कोणतं घ्यायचं हे ठरवायचं काम रेणुकाकडे आलं, कारण निर्णय घेण्याआधी वही काढणारी मंडळात ती एकटीच होती.

डावीकडे जुनं कार्ड, मंडळाच्या संगणकातूनच काढून आणलेलं. उजवीकडे नवं 'अर्का नऊ'.

फरक दिसत होताच. उजवीकडच्या दगडावर शेवाळाची लव होती. फटीतून उगवलेलं नेचं वाऱ्याने हलत होतं. कॅमेरा दगडाच्या इतका जवळ नेला की नाक लागावं, तरी चित्र फाटत नव्हतं; उलट दगडातले पांढरे स्फटिक सुटे सुटे दिसायला लागायचे. डावीकडे तोच दगड, पण कुणीतरी घाईत रंगवलेला.

"टकारीचा सुळका लावा ना," रेणुका म्हणाली. "ईशान्येची भिंत."

"रविवारी चढणार तीच?"

"नामादादा चढणार. मी खाली दोर धरणार."

भिंत आली. रेणुका दोन्ही पडद्यांवर एकाच वेगाने वर सरकत गेली. तीस मीटरवर बसण्यापुरती कपार, दोन्हीकडे सारखी. मग भिंतीचं पुढे आलेलं पोट, दोन्हीकडे सारखं. पोटावरून वर गेल्यावर, बासष्ट मीटरवर, उजव्या पडद्यावर एक सुरेख ओटा होता. अर्धा मीटर रुंद, चांगला तीन माणसं बसतील एवढा, कडेला गवताचे दोन झुबके. नामादादा महिनाभर ज्याच्याविषयी बोलत होता तोच ओटा.

डाव्या पडद्यावर तिथे राखाडी डाग होता.

गुळगुळीत, रंगहीन, सिमेंट फासल्यासारखा. रुंदी पाच-सहा मीटर, उंचीला थेट माथ्यापर्यंत.

"ते तसंच असतं," आपा म्हणाल्या. "जुनं कार्ड दमलं की काढायचं सोडून देतं. सगळे ह्याच तक्रारीसाठी तर येतात माझ्याकडे. नवं टाकलं की डाग गेला."

रेणुकाने मान डोलावली, पण तिचा हात वहीकडे गेला होता. कार्ड दमलं असेल तर सगळीकडे दमायला हवं. नेचं वाईट काढलं होतं, शेवाळ वाईट काढलं होतं, पण काढलं होतं. मग इथेच त्याने हात का टेकले? तिने जुन्या कार्डावर चित्राची गुणवत्ता कमी केली. डाग तेवढाच. वाढवली, संगणकाचा पंखा कण्हायला लागला, चित्र अडखळायला लागलं, तरी डाग तेवढाच. एका बोटानेही इकडे-तिकडे नाही.

"आपा, हे दमणं नाही," ती म्हणाली. "दमलेला माणूस रोज नेमक्या त्याच पायरीवर बसत नाही."

नवं कार्ड परत आणून द्यायच्या बोलीवर तिने रविवारपर्यंत मागून घेतलं. आपांनी दिलं, आणि वर म्हणाल्या, "तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मी दुकान बंद करून शाळा काढीन."

उत्तर शोधायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. ते खेळाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, फक्त तिथपर्यंत कुणी वाचत जात नव्हतं.

कडा मोजायचा तर ड्रोनने त्याचे हजारो फोटो काढतात. एकच दगड दोन-तीन कोनांतून टिपला गेला की त्याची जागा गणिताने नक्की करता येते, आपले दोन डोळे मिळून अंतर ओळखतात तसंच. पण ड्रोनला सगळं दिसत नाही. जिथे एकही फोटो मिळाला नाही तिथे भोक राहतं. जुनी कार्डं ते भोक राखाडी रंगाने बुजवून मोकळी होतात, कारण त्यांना दुसरं काही येत नाही. नव्या कार्डांत मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेचं शिकलेलं जाळं असतं. त्याने लाखो दगड पाहिलेले असतात. आजूबाजूचे थर, रंग, भेगा बघून इथे काय असायला हवं, याचा ते अंदाज बांधतं आणि तो अंदाज इतक्या बारकाईने काढतं की मोजलेला दगड कुठे संपला आणि कल्पनेतला कुठे सुरू झाला, हे डोळ्याला कळू नये. न कळणं हीच तर त्या कार्डाची जाहिरात होती.

यातही एक मेख होती. अंदाज दर वेळी वेगळा आला तर खेळाडूंचा गोंधळ होईल. म्हणून जगात पहिल्यांदा ज्या कार्डाने ते भोक भरलं, त्याचाच अंदाज खेळाच्या मुख्य संगणकावर साठवला जायचा आणि पुढे सगळ्यांना तोच दाखवला जायचा. म्हणजे कुठल्याशा गावात कुणीतरी एकाने सगळ्यांच्या आधी ही भिंत उघडली, त्याच्या कार्डाने एक ओटा कल्पिला, आणि तेव्हापासून प्रत्येकाला तिथे तोच ओटा दिसत आला होता. गवताच्या झुबक्यांसकट.

टकारीच्या सुळक्याच्या फोटोंची यादी तिने उघडली. ईशान्येच्या कोपऱ्यावर एकही फोटो नव्हता. शेरा होता: आग्या मोहोळ, जवळ जाणे टाळले.

नामदेव कानवडे वीज कंपनीत लाइनमन होता. दिवसभर खांबावर, सुटीच्या दिवशी कड्यावर. बत्तीस वर्षांचा, बुटका, खांद्याने रुंद. सहा वर्षांपूर्वी रेणुकाला पहिली गाठ त्याने शिकवली होती आणि ती एकविसाव्या प्रयत्नात जमल्यावर सबंध मंडळाला भेळ खाऊ घातली होती. टकारीची ईशान्य भिंत आजवर कुणी चढलं नव्हतं. नामा ती खेळात, मंडळातल्या एका मित्राच्या घरच्या नव्या कार्डावर, एकशे चाळीस वेळा चढला होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो मंडळाच्या खोलीत आला तेव्हा रेणुकाने दोन्ही पडदे लावून ठेवले होते.

"घेतलं का नवं? वा!" तो उजव्या पडद्यासमोर बसला. "हा बघ आपला ओटा. इथं बसून गूळ-शेंगदाणे खाणारे मी. तुझा वाटा ठेवीन."

"दादा, हा ओटा कुणी मोजलेला नाही."

तिने सगळं सांगितलं. फोटोंची यादी दाखवली, मोहोळाचा शेरा दाखवला, डाग दाखवला. नामाने नीट ऐकलं. तो ऐकणारा माणूस होता, ती त्याच्याबरोबर दोराला बांधून घेत असे ते त्यामुळेच. ऐकून झाल्यावर त्याने डाव्या पडद्यावर टिचकी मारली.

"हे जुनं कार्ड आहे ना?"

"हो."

"मग जुन्याला दिसत नाही म्हणून नव्याने बघू नये का? माझ्या आज्जीला मोतीबिंदू होता. तिला दारातला खांब दिसायचा नाही. म्हणून खांब नव्हता?"

"तुझ्या आज्जीने खांब नाही असं सांगितलं असतं तर ती चूक. तिथे मला दिसत नाही असं सांगितलं तर ते बरोबर. जुनं कार्ड दुसरं सांगतंय."

"अकरा हजार लोक त्या ओट्यावर बसून गेलेत, रेणे. खाली आकडा लिहिलाय बघ. अकरा हजार. आणि तू एकटी म्हणतेस, ओटा नाही."

"ओटा नाही असं मी म्हणत नाही."

"मग?"

"ओटा आहे का नाही हे कुणालाच माहीत नाही, असं म्हणतेय."

"म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता."

"तेसुद्धा माहीत नाही."

नामा हसला. "तुझ्याशी लग्न करणाऱ्याचं अवघड आहे बाबा. साधा चहा गोड झालाय का विचारलं तरी तू म्हणशील, अजून ढवळला नाही."

"तुझं तर झालंय ना लग्न. वहिनींना काय सांगू मी सोमवारी?"

तो जरा ताठ आवाजात म्हणाला, "तिथं तांबडा थर आहे. खालच्या कपारीतून दिसतो, दोन्ही बाजूंना गेलेला. तूच शिकवलंस ना आम्हाला? दोन लाव्हांच्या मध्ये तांबडी माती असते, ती मऊ, ती झिजते आणि तिच्या पायथ्याशी ओटा राहतो. आपण चढलेल्या प्रत्येक सुळक्यावर राहिलाय का नाही?"

हे खरं होतं, आणि त्यामुळेच रेणुका अस्वस्थ होती. कार्डाचा अंदाज वेडगळ नव्हता. तिने स्वतः, कार्ड नसताना, हाच अंदाज बांधला असता. पण त्या अंदाजावर नामाचं शरीर तोललं जाणार होतं. ओट्याखालचे सात मीटर सच्छिद्र, ठिसूळ दगड होता. त्यात दोर अडकवायचा बोल्ट धरत नाही. म्हणजे शेवटच्या बोल्टनंतर सात मीटर नुसत्या हातापायांवर जायचं आणि ओट्यावर पोचून दम घ्यायचा. ओटा नसेल तर दम घ्यायला जागा नाही, परत उतरायला ताकद नाही, आणि खाली एकाच बोल्टवर चौदा-पंधरा मीटर पडायचं.

"समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने बघू," ती म्हणाली.

"बघितलं गेल्या महिन्यात. मधलं नाक आड येतं."

"ड्रोन?"

"वनखात्याची परवानगी. महिना जाईल. तोवर ऊन तापेल."

"पश्चिमेच्या वाटेने माथ्यावर जाऊन वरून दोर सोडू."

"वरून बघून मग खालून चढायचं?" त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. "मग ते चढणं काय राहिलं? आधी पेपर बघून परीक्षेला बसल्यासारखं."

"एकशे चाळीस वेळा बघितलायस की तू पेपर!"

नामाने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ पीत राहिला.

मंडळाचा एक नियम होता. दोराच्या दोन्ही टोकांना बांधलेल्या दोघांपैकी कुणीही, चढाईआधी केव्हाही, 'आज नको' म्हणू शकत असे. कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, दोर गुंडाळायचा आणि घरी जायचं. सहा वर्षांत रेणुकाने तो शब्द कधी वापरला नव्हता. आता तो तिच्या जिभेवर होता आणि नामाला ते दिसत होतं. त्याने बाटली खाली ठेवली आणि वाट बघितली. तिने म्हटलं असतं तर तो खरोखरच एक अक्षर न बोलता उठला असता.

पण मग? तो पुढच्या रविवारी गेला असता. दोर धरायला मंडळातलं दुसरं कुणीतरी गेलं असतं, ज्याला तो ओटा पाठ होता, ज्याच्या मनात शंकेला जागाच नव्हती. रेणुकाने हिशेब मांडला आणि शब्द गिळला.

"मी येते," ती म्हणाली. "पण एक ऐक. सच्छिद्र दगड सुरू व्हायच्या आधी, काळ्या कातळात, एक नाही, तीन बोल्ट मार. तिन्ही एकत्र बांध. आणि वर जाताना ओटा नाही असं धरून चढ. मनगटात परत यायचं बळ शिल्लक ठेवून."

"तीन बोल्ट म्हणजे अर्धा तास लटकायचं."

"लाइनमनला लटकायचं काय एवढं?"

"बरं बाई. तीन." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "पण ओट्यावर पोचलो ना, की तुझा शेंगदाण्याचा वाटा मी खाणार."

कार्डांचा निर्णय तिने त्याच संध्याकाळी लिहून टाकला: नवं घ्यावं, जुनं काढू नये, दोन्ही संगणकात राहू द्यावीत, आणि ज्याला प्रत्यक्ष चढायचं आहे त्याने भिंत दोन्हींवर बघावी. जुबेदाआपांनी फोनवर ते ऐकून घेतलं. "माझ्या आयुष्यात," त्या म्हणाल्या, "नवं विकत घेऊन जुनं ठेवणारी तू पहिली."

रविवारी सकाळी नऊला रेणुका तीस मीटरवरच्या कपारीत बसली होती. पाठीमागे दोन बोल्ट, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक भिंतीच्या पोटापलीकडे नाहीसं झालेलं. नामा तिला दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त दोर, आणि दोरावरून तिला सगळं कळत होतं: तो हात बदलतोय, तो पाय शोधतोय, तो थांबलाय.

मोहोळ उठून गेलं होतं. पोटाखाली त्याचे मेणाचे काळे चट्टे तेवढे उरले होते.

मग ड्रिलचा आवाज आला. एकदा. दोनदा. मोठी विश्रांती. तिसऱ्यांदा.

"मारले गं बाई तीन!" वरून हाक आली. "झालं समाधान?"

"ठोकून बघ!"

"टणटण वाजतायत! मंदिरात बांध नेऊन!"

"निघ आता! ओटा नाही असं धरून!"

"हो गं, हो!"

दोर वर सरकायला लागला. एक हात. दोन हात. खाली पांढरे बारीक खडे पडू लागले, पोकळ दगडातले स्फटिक. एक तिच्या शिरस्त्राणावर टकटक करून गेला. दोर थांबला. पुन्हा सरकला. तीन मीटर. पाच. तिने ओठ आवळून आकडे मोजले. सहा. साडेसहा.

दोर थांबला.

आणि थांबूनच राहिला. तिला त्याचा आवाज ऐकू आला, पण शब्द नाही. माणूस स्वतःशी बोलतो तसा. दोर किंचित डावीकडे गेला, मग उजवीकडे. तो चाचपत होता. जिथे ओट्याची कड हाताला लागायला हवी होती तिथे तो चाचपत होता.

"रेणे!" आता आवाज वेगळा होता. "नाही इथं!"

"उतर! आलास तसाच उतर!"

दोर एक हात खाली आला. अर्धा हात. मग काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, आणि रेणुकाच्या कमरेला असा हिसका बसला की ती कपारीतून उचलली जाऊन वरच्या बोल्टवर आदळली. दोर तारेसारखा ताणला गेला. दगडांचा एक लोट पोटावरून तिच्या समोरून खाली गेला आणि बऱ्याच वेळाने दरीत वाजला.

तिच्या दोन्ही मुठी दोरावर होत्या. त्या तिथेच होत्या.

"दादा!"

काही नाही.

"नामादादा!"

"आहे," आवाज आला. मग धाप. "आहे गं. तिन्ही आहेत. हलले पण नाहीत."

"लागलं?"

"कोपर सोललंय. उजवं मनगट मुरगळलंय बहुतेक." थोडा वेळ नुसतं श्वास घेणं. "एक असता ना, तर गेला असता उपटून. तिघांतल्या एकाभोवती चीर पडलीय."

रेणुकाने डोळे मिटले आणि उघडले. दोर तिने सोडला नाही. मग तिला विचारल्याशिवाय राहवेना.

"तिथे होतं काय मग?"

"भिंत. सपाट. लाल."

"माती?"

"माती कुठली! विटेसारखी. भट्टीतल्या पक्क्या विटेसारखी. नख लागत नाही."

रेणुका सरळ बसली. "डावीकडे बघ. त्या विटेच्या डावीकडे. काय आहे?"

"काळा दगड. पट्टा आहे उभा, खालून वरपर्यंत गेलेला. इथनं दीड-दोन मीटरवर. विचित्रच आहे. ओंडके रचून ठेवल्यासारखे आडवे आडवे दगड."

आणि बासष्ट मीटरवरच्या न दिसणाऱ्या भिंतीचं चित्र रेणुकाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. लाव्हाचे थर थिजल्यावर कधी कधी खालून नवा लाव्हा उभ्या भेगेत घुसतो आणि पाचरीसारखा तिथेच गोठतो. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. संगमनेरच्या आसपासच्या डोंगरांत ते पुष्कळ आहेत. तो घुसला तेव्हा त्याच्या उष्णतेने शेजारची तांबडी माती भाजून निघाली, विटेसारखी पक्की झाली. म्हणून ती झिजली नाही, म्हणून ओटा झाला नाही. आणि पाचर निवताना आक्रसली, तिला दोन्ही बाजूंच्या गार भिंतींकडून आत भेगा पडत गेल्या. आडव्या थरात खांब उभे राहतात, उभ्या पाचरीत ते आडवे होतात. ओंडक्यांसारखे. एकावर एक. थेट माथ्यापर्यंत.

कार्डाने लाखो दगड पाहिले होते. तरी हा तिथे असेल, हे त्याला सुचलं नव्हतं. तिलाही नव्हतं.

"दादा, तो दगड हातोडीने वाजव. फक्त हात पोचतो तिथे."

खण्ण. स्वच्छ, घंटेसारखा.

"बोल्ट धरेल," ती म्हणाली.

"कोण मारणार? माझा हात गेलाय. उतरू आपण."

"साडेदहा वाजलेत. दोर आहे, बोल्ट नऊ उरलेत." तिने वर पोटाकडे पाहिलं. "मी येते तुझ्यापर्यंत. तिथून पुढे मी जाते. तू दोर धर, डाव्या हाताने जमत असेल तर. नाही तर म्हण, आज नको. मी विचारणार नाही का ते."

सहा वर्षांत पुढे नेहमी नामा असे.

"जमतंय डाव्याने," तो म्हणाला. "ये वर. गाठ बघू दे तुझी."

तीन बोल्टपाशी ती पोचली तेव्हा त्याचा चेहरा धुळीने पांढरा झाला होता आणि कोपरावरचं रक्त वाळलं होतं. त्याने तिची गाठ डाव्या हाताने ओढून बघितली, दोनदा. तिने ड्रिल खांद्याला अडकवलं, डावा पाय लांबवला आणि पाचरीच्या पहिल्या ओंडक्यावर टेकवला.

तळहाताएवढी कड होती. पुरेशी.

पहिला बोल्ट मारताना तिला समजलं, हा दगड आजवर कुणी हाताने पाहिला नव्हता. पुढची पकड कुठे आहे हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. ती एक ओंडका चाचपायची, हातोडीने वाजवायची, आवाज ऐकायची, मग वजन टाकायची. दोन वेळा आवाज भसाडा आला. ते दोन तिने वगळले. घाई नव्हती. खालून दोर हवा तेवढा मिळत होता, ना सैल ना ताठ. चाळीस मीटरला तिला दोन तास लागले. शेवटचा ओंडका संपला, गवत हाताला लागलं आणि ती माथ्यावर पोटावर आडवी पडली. समोर प्रवरेचं खोरं उन्हात पसरलं होतं.

"ये!" ती ओरडली.

नामा एका हाताने, वरून ताणलेल्या दोराच्या आधाराने हळूहळू आला. प्रत्येक ओंडक्यावर थांबत, बघत, तळवा फिरवत. माथ्यावर पोचल्यावर तो तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "पुढे जो असतो, तो वाटेला नाव देतो. दे नाव."

"आधी मोजू दे," रेणुका म्हणाली. तिने पिशवीतून टेप काढली, पाचर जिथे माथ्यावर उघडी पडली होती तिथे गुडघ्यांवर बसली आणि टेपचं टोक त्याच्याकडे केलं. "धर. अगदी कडेला. अंदाजे नको."

नामाने चांगल्या हाताने टोक कडेवर दाबून धरलं, डोळा बारीक करून पाहिलं आणि केसभर मागे सरकवलं.

"आता वाच," तो म्हणाला.